एका फवाऱ्यात गाडी चकाचक? नाशिकच्या धुळीत कोणता कार स्प्रे कामाचा आणि कोणता नाही

गाडीवर फवारायचं, कापडाने पुसायचं आणि शोरूमसारखी चमक मिळवायची. कारच्या रंगासाठी विकल्या जाणाऱ्या बहुतेक स्प्रे बाटल्या हेच आश्वासन देतात. क्विक डिटेलर, स्प्रे वॅक्स, सिरॅमिक स्प्रे, वॉटरलेस वॉश अशी नावं वेगवेगळी असतात. पण दुकानात या बाटल्या एकाच फळीवर शेजारी-शेजारी असतात आणि वापरायची पद्धतही वरवर सारखीच वाटते.

प्रत्यक्षात या चारही बाटल्यांची कामं वेगळी आहेत. एकीच्या जागी दुसरी वापरली, तर चमक येण्याऐवजी रंगावर कायमचे ओरखडे पडू शकतात. रस्त्यांच्या कामांची धूळ, बोअरवेलचं पाणी आणि दिवसभर उन्हात उभी राहणारी गाडी या तिन्ही गोष्टी नाशिकमध्ये एकत्र येतात. त्यामुळे इथे ही चूक जास्त महागात पडते.

या बाटल्यांमध्ये नेमका फरक काय? लेबलवरच्या दाव्यांचा अर्थ काय? आणि नाशिकच्या रस्त्यावर रोज धावणाऱ्या गाडीसाठी यातलं खरंच काय लागतं?

हा प्रश्न आताच का?

पहिलं कारण नव्या गाड्यांचं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरचा उपकरही गेला. मोठ्या गाड्यांसाठी ४० टक्क्यांचा एकच दर लागू झाला. किमती उतरल्या आणि पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्यांना शोरूमचा रस्ता सोपा झाला. गाडीची डिलिव्हरी घेताना अनेकदा 'पेंट प्रोटेक्शन'चं पॅकेज पुढे केलं जातं. ते नको म्हणणाऱ्यांना मग मोबाइलवर स्प्रे बाटल्यांच्या जाहिराती दिसू लागतात.

दुसरं कारण धुळीचं. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरमध्ये सिंहस्थ कुंभमेळ्याची तयारी सुरू आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान असा कार्यक्रम जाहीर झालेला आहे. त्यासाठी शहरात आणि शहराला जोडणाऱ्या मार्गांवर रस्त्यांची कामं निघाली आहेत. खोदकाम, खडी आणि क्रशरची भुकटी म्हणजे गाडीवर रोज नवा थर.

तिसरं कारण वेगाचं. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. महामार्गावर वेगात जाणाऱ्या गाडीच्या बंपरवर आणि बोनेटवर किडे चिकटतात. ते वाळले की साध्या ओल्या फडक्याने निघत नाहीत. त्यावर उपाय म्हणूनही अनेकजण स्प्रे शोधतात.

आपण नेमकं काय वाचवतो आहोत?

स्प्रेची तुलना करण्याआधी तो कशावर मारला जातो ते पाहायला हवं. गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा थर आणि सगळ्यात वर पारदर्शक 'क्लिअर कोट' असे थर असतात. कारखान्यातून आलेल्या गाडीवर या सगळ्यांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते. म्हणजे एक-दीड साध्या कागदाएवढी.

यातला क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. माणसाच्या केसाची जाडी ७० मायक्रॉनच्या आसपास धरली, तर हा थर केसापेक्षाही पातळ आहे. गाडीची चमक याच थरात असते आणि उन्हापासून रंगाचा बचावही तोच करतो.

हा थर पुन्हा वाढत नाही. त्यावर ओरखडे पडले की ते काढण्यासाठी मशीनने पॉलिश करावं लागतं. पॉलिश करणं म्हणजे ओरखड्याच्या तळापर्यंत क्लिअर कोट घासून काढणं. दर वेळी काही मायक्रॉन जातात. त्यामुळे 'दरवर्षी एकदा रबिंग मारून घेऊ' हा हिशेब चार-पाच वर्षांत अंगलट येऊ शकतो. क्लिअर कोट फार पातळ झाला की उन्हाने तो पांढुरका पडतो, त्याचे पापुद्रे निघतात आणि मग तो भाग पुन्हा रंगवण्याशिवाय पर्याय उरत नाही.

म्हणून कोणत्याही स्प्रेकडे बघताना पहिला प्रश्न चमकीचा नाही. तो मारून पुसताना क्लिअर कोट घासला जाणार आहे का, हा पहिला प्रश्न आहे.

चार बाटल्या, चार कामं

भारतात थ्रीएम, मेगवायर्स, टर्टल वॅक्स, सोनॅक्स या परदेशी आणि वॅक्सपोल, वेव्हेक्स अशा देशी नावांचा माल मिळतो. (मेगवायर्स २००८ पासून थ्रीएमच्याच मालकीची आहे.) एकाच कंपनीच्या चार-पाच स्प्रे बाटल्या असतात. त्यामुळे तुलना कंपन्यांची करण्याआधी प्रकारांची करावी लागते.

१. क्विक डिटेलर

यात बहुतांश पाणी असतं. त्यात कापड घसरत राहावं म्हणून घातलेले पॉलिमर, थोडं सिलिकॉन आणि सौम्य साफ करणारे घटक असतात. काम अगदी मर्यादित: धुतलेल्या गाडीवरचे बोटांचे ठसे, पाण्याचे ताजे डाग किंवा काही तासांत बसलेली हलकी धूळ काढणं.

यातून संरक्षण जवळजवळ मिळत नाही. चमक आणि गुळगुळीतपणा काही दिवस टिकतो, पहिल्या-दुसऱ्या धुण्यात जातो. पण याचा एक उपयोग फारसा कुणी सांगत नाही. गाडी धुतल्यावर ओल्या पृष्ठभागावरच थोडा फवारला, तर पुसताना कापड ओढलं जात नाही आणि पाण्याचे डागही कमी पडतात.

२. स्प्रे वॅक्स आणि स्प्रे सीलंट

वॅक्स म्हणजे मेण. गाड्यांच्या मेणात सगळ्यात नावाजलेलं 'कार्नुबा' हे ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळतं. मेणाचं काम नाशिककरांना नवीन नाही. द्राक्षाच्या मण्यावर जो पांढुरका थर दिसतो, तोही नैसर्गिक मेणाचाच असतो आणि पाणी बाहेर ठेवण्याचं काम करतो.

कार्नुबा साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं. उन्हाळ्यात गडद रंगाच्या गाडीचं बोनेट ७० अंशांच्या आसपास जाऊ शकतं. त्यामुळे मेण वाहून जात नसलं, तरी नरम पडतं आणि लवकर झिजतं. शिवाय डबीतल्या घट्ट वॅक्सच्या तुलनेत स्प्रेमध्ये मेणाचं प्रमाण कमी असतं. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीवर ते काही आठवडे टिकलं तरी पुष्कळ.

सीलंटमध्ये मेणाऐवजी कृत्रिम पॉलिमर असतात. त्यात बऱ्याचदा वापरलं जाणारं अमिनो सिलिकॉन हे केसांच्या कंडिशनरमध्येही असतं. केसाला जसं चिकटून राहतं, तसंच ते रंगाला चिकटतं. म्हणून सीलंट साधारणपणे मेणापेक्षा जास्त टिकतो.

३. सिरॅमिक स्प्रे

सध्या सगळ्यात जास्त जाहिरात याच प्रकाराची दिसते. यात सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या साखळ्या असलेली रेझिन्स असतात. ती सुकताना रंगावर अतिशय पातळ, पाणी झटकणारा थर तयार करतात. साबणाच्या पाण्याने तो मेणासारखा लगेच जात नाही. स्प्रेच्या चारही प्रकारांत टिकण्याच्या बाबतीत हाच पुढे आहे.

पण स्टुडिओत केलं जाणारं सिरॅमिक कोटिंग आणि हा स्प्रे एक नव्हेत. स्टुडिओत आधी रंग पॉलिश केला जातो, त्यावरचं तेल पुसून काढलं जातं. मग घट्ट कोटिंग लावून ते काही तास ते काही दिवस कोरडं ठेवलं जातं. स्प्रेमध्ये हेच रसायन पाण्यात पातळ केलेलं असतं. टर्टल वॅक्सच्या सिरॅमिक स्प्रेसारख्या उत्पादनांवर '१२ महिन्यांपर्यंत' असा दावा असतो. त्यातल्या 'पर्यंत' या शब्दाकडे लक्ष द्यायला हवं. तो कमाल कालावधी आहे, हमी नाही.

आणखी एक अट बाटलीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते. पृष्ठभाग स्वच्छ, थंड आणि सावलीत हवा. दुपारी तापलेल्या बोनेटवर सिरॅमिक स्प्रे मारला, तर तो पुसण्याआधीच सुकतो आणि ढगाळ पट्टे उमटतात. ते काढायला पुन्हा घासावं लागतं.

४. वॉटरलेस वॉश

हा प्रकार धुण्याचा आहे, संरक्षणाचा नाही. यात घसरण देणारे घटक क्विक डिटेलरपेक्षा जास्त असतात. भरपूर फवारायचं, धूळ भिजू द्यायची, मग जाड मायक्रोफायबर कापडाने न दाबता एका दिशेने उचलायची. कापडाची बाजू सतत बदलायची. एका गाडीला सहा-आठ स्वच्छ कापडं लागू शकतात.

याचाच भाऊ म्हणजे 'रिन्सलेस वॉश'. त्यात आठ-दहा लिटर पाण्यात थोडंसं रसायन घालून त्या एकाच बादलीत गाडी धुतली जाते आणि वरून पाणी मारावं लागत नाही. बाटली लहान दिसते, पण एकेका धुण्याला झाकणभरच लागतं.

नाशिकच्या धुळीत गोंधळ कुठे होतो?

गोंधळ इथेच होतो. क्विक डिटेलर हलक्या धुळीसाठी असतो. परदेशात गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीवरची हलकी धूळ आणि नाशिकमध्ये काम चालू असलेल्या रस्त्याकडेला दोन दिवस उभ्या असलेल्या गाडीवरची धूळ यांत मोठा फरक आहे.

नाशिक दख्खनच्या पठारावर, काळ्या बसाल्ट खडकावर वसलं आहे. रस्त्याला लागणारी खडी याच दगडाची. बसाल्टमधल्या मुख्य खनिजांची कठीणता मोह्स मापनावर साधारण साडेपाच ते साडेसहा असते. खिडकीच्या काचेची साडेपाचच्या आसपास. म्हणजे या खडीची भुकटी काचेवरही चरा पाडू शकते. क्लिअर कोट तर प्लॅस्टिकच्या जातीचा, काचेपेक्षा कितीतरी मऊ.

अशी धूळ बसलेल्या गाडीवर चार फवारे मारून कापड फिरवलं, तर ते कापड पॉलिश पेपरचं काम करतं. उन्हात पाहिलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात, ते इथूनच येतात. पांढऱ्या गाडीवर ते लपतात. काळ्या, गडद निळ्या किंवा लाल गाडीवर महिन्याभरात डोळ्यांत भरतात. स्प्रेमुळे त्या क्षणी ओरखडे बुजल्यासारखे दिसतात, कारण सिलिकॉन त्यात भरतं. पुढच्या धुण्यानंतर ते पुन्हा वर येतात.

सोसायट्यांमध्ये रोज पहाटे गाड्या पुसण्याच्या पद्धतीतही हाच धोका आहे. एक बादली, एक फडकं आणि ओळीने दहा-बारा गाड्या. पहिल्या गाडीची धूळ शेवटच्या गाडीवर घासली जाते. यात पुसणाऱ्याचा दोष थोडा आहे. महिन्याच्या तुटपुंज्या पैशांत प्रत्येक गाडीला नवं पाणी आणि वेगळं कापड त्याने आणायचं कुठून? गाडीमालकाने आपल्या गाडीसाठी दोन-तीन मायक्रोफायबर कापडं दिली आणि 'रोज कोरडं पुसू नका, दोन दिवसांआड ओलं करूनच पुसा' एवढं सांगितलं, तर कोणत्याही स्प्रेपेक्षा त्याचा फायदा जास्त होतो. डॅशबोर्डवर फिरवायची पिसांची झटकणी बाहेरच्या रंगावर फिरवणंही टाळायला हवं.

ठोकताळा सोपा आहे. बोट फिरवल्यावर गाडीवर रेघ उमटत असेल, तर क्विक डिटेलर, वॅक्स किंवा सिरॅमिक स्प्रेची ती वेळ नाही. आधी पाण्याने धूळ सोडवावी लागते. चिखल किंवा खडीची भुकटी असेल, तर वॉटरलेस वॉशही नको.

पाण्याचं काय? अळवावरचं पाणी आणि पांढरे डाग

स्प्रेच्या जाहिरातीत हमखास दिसणारं दृश्य म्हणजे बोनेटवर मोत्यांसारखे जमलेले थेंब. अळवाच्या पानावर पाणी जसं पसरत नाही, तसंच इथेही होतं. मेण, सीलंट किंवा सिरॅमिकचा थर पाण्याला पसरू देत नाही. द्राक्षबागेत याच्या उलट केलं जातं. तिथे फवारणीच्या पाण्यात स्प्रेडर घालतात, म्हणजे औषध पानावर थेंब होऊन न घसरता पसरेल.

थेंब जमले म्हणजे रंगाचं संरक्षण झालं, असं मात्र नाही. त्यावरून पृष्ठभाग पाणी झटकतो आहे एवढंच कळतं. तो ओरखडे रोखतो, असं त्यातून सिद्ध होत नाही.

उलट, जड पाण्याच्या भागात या थेंबांचा तोटाही होतो. अनेक सोसायट्यांमध्ये गाड्या धुवायला बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी वापरलं जातं. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) एकूण कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोत नसेल, तर ६०० पर्यंत चालते. बोअरवेलचं पाणी ४०० चं आहे असं धरलं आणि धुतल्यावर गाडीवर पाव लिटर पाणी तसंच वाळलं, तर साधारण १०० मिलिग्रॅम क्षार रंगावर उरतात. थेंब जमणाऱ्या पृष्ठभागावर हे क्षार पसरत नाहीत. प्रत्येक थेंबाच्या जागी गोळा होऊन पांढरं वर्तुळ बनतात. उन्हात ते तापत राहिले, तर क्लिअर कोटवर त्यांचा कायमचा ठसा उमटू शकतो.

म्हणजे महागडा सिरॅमिक स्प्रे मारून गाडी बोअरवेलच्या पाण्याने धुतली आणि उन्हात वाळायला सोडली, तर डाग जास्त ठळक दिसतात. उपाय बाटलीत नाही. सावलीत धुणं, लगेच पुसणं आणि शेवटची एक बादली नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याची वापरणं, हा तो उपाय आहे.

पाण्याचा दुसरा हिशेब शहराचा आहे. नळी लावून गाडी धुताना मिनिटाला १५ लिटर पाणी जातं असं धरलं, तर दहा मिनिटांत १५० लिटर होतात. शहरी पाणीपुरवठ्याचं प्रचलित प्रमाण दर माणशी रोज १३५ लिटर आहे. म्हणजे एका गाडीला एका माणसाच्या दिवसभराच्या पाण्यापेक्षा जास्त. दोन बादल्यांत हेच काम ३० ते ४० लिटरमध्ये होतं. रिन्सलेस वॉशला आठ-दहा लिटर पुरतात.

बेंगळुरूमध्ये मार्च २०२४ च्या टंचाईत पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी आणून ५ हजार रुपये दंड लावण्यात आला होता. नाशिकला गंगापूर धरणाचा आधार असला, तरी उन्हाळ्यात पाणी जपून वापरण्याची वेळ इथेही येते. त्यामुळे चार प्रकारांपैकी शहराच्या दृष्टीने सगळ्यात उपयोगी कोणता, तर रिन्सलेस वॉश. पण त्याची जाहिरात सगळ्यात कमी दिसते, कारण त्यात डोळे दिपवणारी चमक दाखवता येत नाही.

लेबलवरच्या शब्दांचा अर्थ काय?

'९एच' हार्डनेस: हा आकडा हिऱ्याच्या कठीणतेशी संबंधित आहे असा समज असतो. प्रत्यक्षात ती पेन्सिलची मोजपट्टी आहे. वेगवेगळ्या कठीणतेच्या पेन्सिली ठराविक कोनात थरावर ओढून कोणती पेन्सिल चरा पाडते हे पाहतात. ९एच ही त्या पट्टीतली नेहमीची सगळ्यात कठीण पेन्सिल. म्हणजे '९एच' थरावर पेन्सिलने चरा पडत नाही. खडी, किल्ली किंवा वाळूबद्दल हा आकडा काही सांगत नाही.

'सिरॅमिक' आणि 'ग्राफीन': हे शब्द ठळक छापलेले असतात, पण तो घटक आत किती टक्के आहे हे बहुतेक बाटल्यांवर नसतं. अनेक कंपन्या उत्पादनाचं सुरक्षा माहितीपत्रक संकेतस्थळावर ठेवतात. त्यात मुख्य रसायनांची माहिती मिळू शकते.

'टेफ्लॉन कोटिंग': नॉनस्टिक तव्यावरचं हे रसायन ३२७ अंशांना वितळतं. तव्यावर ते पक्कं बसवायला त्याहून जास्त तापमानाची भट्टी लागते. रंगवलेली गाडी इतकी तापवता येत नाही. त्यामुळे गाडीवर लावलेलं 'टेफ्लॉन' तव्यासारखं पक्कं बसतं, हा समज चुकीचा आहे.

'स्क्रॅचप्रूफ': कोणताही स्प्रे क्लिअर कोटवर जेमतेम एखाद्या मायक्रॉनचा किंवा त्याहूनही पातळ थर देतो. दगडाचा मार झेलण्यासाठी वापरली जाणारी पेंट प्रोटेक्शन फिल्म १५० ते २०० मायक्रॉनची असते. दोघांच्या जाडीत शंभरपटीहून जास्त फरक आहे.

दावे खोटे निघाले तर ग्राहकाला मार्ग आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसंच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बारीक अक्षरांतली टीप मुख्य दाव्याच्या विरुद्ध असू शकत नाही. सोशल मीडियावर पैसे किंवा फुकट माल घेऊन शिफारस करणाऱ्यांनी तसं स्पष्ट सांगणंही बंधनकारक आहे. तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यासाठी बिल, बाटलीचा फोटो आणि दावा केलेल्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवायला हवा.

शोरूममध्ये सुचवलं जाणारं पॅकेज ऐच्छिक असतं, हेही लक्षात ठेवायला हवं. ते नाकारता येतं. घ्यायचं असेल, तर नेमकं काय लावणार, किती थर आणि हमीच्या अटी काय, हे लेखी मागता येतं.

किंमत कशी तोलायची?

बाटलीच्या किमतीवरून तुलना केली तर फसायला होतं. पॅकबंद मालावर आता दर मिलिलिटरची किंवा लिटरची किंमतही छापलेली असते. पण तीही पुरेशी नाही. एका वापराला किती लागतं आणि ते किती दिवस टिकतं, हे दोन्ही पाहायला हवं.

उदाहरणादाखल: ५०० मिलिलिटरची क्विक डिटेलरची बाटली ५०० रुपयांना घेतली आणि दर आठवड्याला ५० मिलिलिटर वापरली, तर वर्षाला पाच-सव्वापाच बाटल्या, म्हणजे साधारण २,६०० रुपये होतात. तेवढ्याच आकाराचा सिरॅमिक स्प्रे १,५०० रुपयांचा असेल, दर तीन महिन्यांनी मारला आणि एका वेळी ५० मिलिलिटर लागला, तर वर्षाला २०० मिलिलिटर, म्हणजे ६०० रुपये. महाग दिसणारी बाटली वर्षाच्या हिशेबात स्वस्त पडते. हे आकडे समजण्यापुरते आहेत. प्रत्येकाने आपल्या बाटलीवरची किंमत घालून हाच हिशेब करावा.

यात कापडांचा खर्च धरायलाच हवा. मायक्रोफायबर कापड दर चौरस मीटरला ३०० ते ४०० ग्रॅम वजनाचं असलं, की रंगासाठी पुरेसं मऊ असतं. जमिनीवर पडलेलं कापड पुन्हा रंगावर वापरू नये. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नये, त्याने धागे माखतात आणि कापड धूळ धरत नाही.

मग कुणी काय घ्यावं?

रस्त्यावर उभी राहणारी, रोज धावणारी गाडी: दोन बादल्या, सौम्य कार शाम्पू आणि तीन-चार चांगली कापडं हा पहिला खर्च. त्यानंतर तीन-चार महिन्यांतून एकदा, गाडी धुऊन, सावलीत सिरॅमिक स्प्रे किंवा सीलंट. क्विक डिटेलर नसला तरी चालेल.

सोसायटीच्या बंद पार्किंगमधली, आठवड्यातून दोनदा निघणारी गाडी: रिन्सलेस वॉश आणि वर्षातून तीनेकदा संरक्षक थर पुरतो. हलक्या धुळीसाठी क्विक डिटेलर इथेच खरा उपयोगी.

समृद्धीवरून किंवा मुंबई-आग्रा महामार्गावरून वारंवार जाणारी गाडी: किडे आणि पक्ष्यांची विष्ठा हा मुख्य शत्रू. दोन्ही आम्लधर्मी असतात आणि उन्हात रंगात उतरतात. गाडीत क्विक डिटेलरची छोटी बाटली आणि एक कापड ठेवावं. डागावर भरपूर फवारून एक-दोन मिनिटं भिजू द्यावं, मग न घासता उचलावं. आधी मारलेला सिरॅमिक थर असेल, तर हे काम सोपं होतं.

मॅट फिनिशची गाडी: किया सेल्टॉसच्या एक्स-लाइनसारख्या काही गाड्या कारखान्यातूनच मॅट रंगात येतात. त्यावर साधं वॅक्स किंवा चमक देणारा डिटेलर वापरला, तर ठिकठिकाणी तेलकट चकाकी येते. मॅटसाठी वेगळी उत्पादनं मिळतात. बाटलीवर तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर ती घेऊ नये.

नुकताच पुन्हा रंगवलेला भाग: गॅरेजमधला रंग कारखान्याच्या भट्टीतल्यासारखा लगेच पक्का होत नाही. वॅक्स किंवा सिरॅमिक मारण्याआधी गॅरेजला विचारावं आणि साधारण महिनाभर थांबावं.

शेवटी निवड कंपनीपेक्षा गाडीवर बसलेल्या धुळीवरून आणि ती धुण्यासाठी मिळणाऱ्या पाण्यावरून करावी लागते. पुढचं दीड-दोन वर्ष नाशिकच्या रस्त्यांवर धूळ राहणारच आहे. तोवर गाडी आधी भिजवणं आणि मगच पुसणं या सवयीने जेवढा क्लिअर कोट वाचेल, तेवढा कोणत्याही बाटलीतून परत मिळणार नाही.